खोडलेल्या शब्दाखालची टिंबं

बायकोच्या कार्डावर काय लिहायचं ते मी ठरवलं. पहिली चूक तिथेच झाली असावी. 'असावी' म्हणतो, कारण ठामपणे काही म्हणायची मला सवय नाही.

उपचार केंद्राच्या हॉलमध्ये शिरलं की समोरच्या भिंतीवर एक हिरवा फळा होता. अर्धांगाचा झटका येऊन गेलेली बारा माणसं आठवड्यातून तीन दिवस सकाळी तिथे यायची, आणि प्रत्येकाचं एकेक कार्ड त्या फळ्यावर टाचणीनं लावलेलं असायचं. उपचार करणाऱ्या बाईंचा तसा दंडकच होता. "'बरं व्हायचंय' असं लिहायचं नाही," त्या सांगायच्या. "ते सगळ्यांनाच असतं. बरं होऊन काय करायचंय, ते लिहा."

टॅक्सीवाल्यानं लिहिलं होतं, 'गिअर बदलणे'. शिंपीणबाईंनी, 'सुईत दोरा ओवणे'. पोहायला शिकवणाऱ्या एका मास्तरांनी, 'पाण्यात उतरणे', आणि खाली बारीक अक्षरात, 'व बाहेर येणे'.

माझ्या बायकोला लिहिता येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. झटक्यानं उजवा हात गेला आणि त्याच्याबरोबर शब्द गेले. म्हणजे शब्द आत कुठेतरी होते, पण एक मागितला की दुसराच हाताला लागायचा. पाणी हवं असलं की ती 'खिडकी' म्हणायची, आणि आपण चुकलो हे कळून डोळे मिटून घ्यायची. तेव्हा बाईंनी पेन माझ्या हातात दिलं. एरवी मी फार विचार करतो, त्या दिवशी केला नाही. लिहिलं, 'एक परिच्छेद मोठ्याने व न चुकता वाचणे.'

बाईंनी कार्ड वाचलं. "'न चुकता' राहू द्यायचं का, काका?"

"राहू द्या," मी म्हटलं. "तिचं कामच होतं ते."

खरंच होतं. अडतीस वर्षं आम्ही एका छापखान्यात एकाच टेबलाशी समोरासमोर बसलो. मी मुद्रितं तपासायचो, ती मूळ प्रत हातात धरून मोठ्यानं वाचायची. नुसते शब्द नाहीत. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं. त्या आवाजाच्या मागोमाग माझी पेन्सिल चालायची. लग्नही त्या टेबलावरच जमलं. एकही चूक नसलेलं एक तरी पुस्तक आपल्या हातून बाहेर पडावं, एवढीच माझी आयुष्यातली महत्त्वाकांक्षा होती. ती पुरी झाली नाही. एकदा चारशे पानांचं पुस्तक बांधून आलं, मी आनंदानं ते तिच्यापुढे ठेवलं, तिनं दुसरंच पान उघडलं आणि म्हणाली, "अहो, छापखान्याचा पत्ता चुकलाय. आपलाच."

मला नको तिथे खोडायची खोड होती. लेखकानं धडधडीत बरोबर लिहिलेला शब्दही मला संशयास्पद वाटायचा आणि मी त्यावर रेघ मारायचो. मग ती टेबलावरून वाकून माझ्या हातातली पेन्सिल काढून घ्यायची आणि त्या खोडलेल्या शब्दाखाली टिंबांची एक ओळ द्यायची. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ असा, की रेघ चुकून मारली आहे, शब्द होता तसाच ठेवा. "तुमच्या हातात पेन्सिल म्हणजे माकडाच्या हातात कोलीत," असं म्हणून पेन्सिल परत द्यायची.

केंद्रातली जागा बारा आठवड्यांची होती. बारा आठवडे झाले की तीन जणांची समिती कागद बघून ठरवायची, की ह्या माणसाला आणखी बारा आठवडे द्यायचे, की जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला. जागा गेली तर पुन्हा अर्ज सहा महिन्यांनी. आणि बाईंनी मला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पहिल्या वर्षात जे परत येतं ते येतं, काका. नंतर वाट फार अरुंद होते." तेव्हा झटक्याला तीन महिने झाले होते. बोटांवर मोजून बघितलं. ह्या बारा आठवड्यांनंतर जागा गेली, तर पुन्हा दार उघडेपर्यंत वर्ष संपलेलं असणार होतं.

समितीपुढे कागद दोन जायचे. एक बाईंच्या नोंदी आणि दुसरा घरच्या सरावाचा तक्ता. तक्ता मी भरायचा. रोज दहा वाक्यं तिच्याकडून वाचून घ्यायची, किती बरोबर आली तो आकडा लिहायचा, आणि आठवड्याच्या शेवटी एका ओळीचा शेरा. तक्त्याच्या पाठीमागे सूचना छापलेली होती: 'वाक्याचा अर्थ समजल्यास वाक्य बरोबर धरावे.' ती मी वाचली होती. मी छापलेलं सगळंच वाचतो, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा. पण ती मला सवलत वाटली. अडतीस वर्षं जिनं माझी एक चूक खपवून घेतली नाही, तिला मी सवलतीतलं बरोबर देऊ? तो मला तिचा अपमान वाटला. म्हणून एखादा शब्द दोनदा आला तरी मी वाक्य चूक धरायचो. मध्ये ती फार वेळ थांबली तरी चूक. 'दार उघडं आहे' वाचताना ती 'उघडं'पाशी अडली, कपाळावर घाम आला, आणि शेवटी वाक्य पुरं करून तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "छान." आणि तक्त्यात शून्य लिहिलं.

शेऱ्याचं तर त्याहून वाईट. दर शनिवारी मी लिहायचो, 'सुधारणा आहे.' लिहिताना ते खरं वाटायचं. मग शाई वाळायच्या आत ती चमच्याला 'किल्ली' म्हणायची, किंवा मला वाटायचं की मला हवं आहे म्हणून मला दिसतं आहे. मग मी त्या दोन शब्दांवर पट्टी धरून सरळ रेघ मारायचो आणि पुढे लिहायचो, 'खात्रीने सांगता येत नाही.' बारापैकी नऊ आठवडे असं झालं. रेघ प्रत्येक वेळी सरळ आली.

हॉलबाहेरच्या बाकावर टॅक्सीवाल्याची बायको माझ्या शेजारी बसायची. मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची बाई. तिचा नवरा आत दोरीला बांधलेलं वजन ओढत असायचा, आणि तिथूनच ओरडायचा, "टाकणार म्हणजे टाकणार! तिसरा गिअरसुद्धा टाकणार!"

"काका, काल किती आले?" तिनं एकदा माझ्या तक्त्यात डोकावून विचारलं.

"दहापैकी एक."

"एक? आणि परवा काकूंनी मला 'चहा झाला?' असं विचारलं, ते?"

"ते तक्त्यातलं वाक्य नव्हतं."

मग पिशवीतून तिचा तक्ता काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवला. "हे बघा. काल आमच्या ह्यांनी तीन वेळा गिअर टाकला, असं लिहिलंय. टाकला एकदाच, तोही लाटण्याचा. खुर्चीला लाटणं बांधून दिलंय मी. उरलेले दोन उद्याचे."

"पण ते खोटं—"

"खोटं कसलं हो! आगाऊ आहे." आणि मग आवाज खाली आणून, "काका, आम्ही आमच्या माणसांना पोहता यावं म्हणून पाण्यात ढकलतोय. तुम्ही काठावर बसून पाण्याची खोली मोजताय."

मी हसलो. घरी जाऊन पुन्हा दहापैकी एक लिहिलं.

तेराव्या आठवड्याच्या गुरुवारी पत्र आलं. 'घरगुती सरावात लक्षणीय सुधारणा आढळत नसल्याने आपल्या रुग्णाची जागा सोमवारपासून पुढील रुग्णास देण्यात येत आहे.' मी ते तीनदा वाचलं. पत्रात एकही चूक नव्हती.

मुलगी दोन गल्ल्या सोडून राहते, शाळेत चित्रकला शिकवते. शाळा सुटल्यावर तशीच आली, बोटांना रंग लागलेले. माझ्याकडे असलेली तक्त्याची प्रत तिनं उभ्याउभ्याच चाळली, आणि चाळता चाळता खाली बसली.

"बाबा, तुम्ही आईची प्रुफं तपासत होतात?"

बायको खिडकीशी बसून आमच्याकडे बघत होती.

"नऊ वेळा लिहिलंत आणि नऊ वेळा खोडलंत! अहो, कुणी एवढी मेहनत घेऊन आपल्या माणसाचं—" डोळे पुसताना तिच्या गालाला निळा रंग लागला. "उद्या सकाळी जा. आईला घेऊन जा, केंद्राच्या डॉक्टरांना भेटा. आणि बाबा, एकदा तरी छातीठोकपणे बोला. एकदाच. माझ्या परीक्षांच्या वेळी नाही बोललात, माझ्या लग्नात नाही बोललात, ते सगळं माफ."

"बोलीन," मी म्हटलं. मग मला वाटलं, हे तरी कितपत खरं आहे.

शुक्रवारी सकाळी आम्ही डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसलो. शेजारच्या बाकावर एक तरुण बाई होती, उजवा हात मांडीवर ठेवलेला, आणि तिच्यासोबत तिचे वडील असावेत असे एक गृहस्थ. ते तिच्या स्वेटरचं बटण काढत आणि तिला लावायला सांगत. ती डाव्या हातानं लावायची, ते पुन्हा काढायचे. त्यांच्या हातात कोरा तक्ता होता. सोमवारपासून कुणाला जागा मिळाली ते मला कळलं, आणि मनात त्यांच्याविषयी जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढच्याच क्षणी तिचं बटण लागलं, आणि वडिलांनी असा श्वास सोडला, की मला स्वतःची लाज वाटली.

डॉक्टर तरुण होते, थकलेले आणि सभ्य. फाइल उघडून त्यांनी माझा तक्ता माझ्यापुढे सरकवला.

"काका, कागद तुमचाच आहे. अक्षर तर फारच सुरेख."

"माझ्याकडून जास्त तपासलं गेलं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मी मुद्रितशोधक होतो."

"बरं," डॉक्टर म्हणाले आणि वाट बघू लागले. आयुष्यभराचं कारण एका वाक्यात संपलं होतं.

"हे बघा," तेच म्हणाले, "बाईंनी चांगलं लिहिलंय. पण घरच्या तक्त्यात काहीच नाही. घरचे लोक नेहमी फुगवून लिहितात, आम्ही त्यातून थोडं कमी करतो. कमी करून लिहिणारा माणूस समितीनं पाहिलेलाच नाही. त्यांचं म्हणणं पडलं, की इथे बाईंच्या मदतीनं जे जमतं, ते घरी टिकत नाही."

"टिकतं," मी म्हटलं. "तिला आत्ता वाचू द्या. इथेच."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि ड्रॉवरमधून एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला. चार ओळींचा परिच्छेद. मोठा टाइप. बायकोनं डाव्या हाताचं बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं, अगदी पूर्वी ठेवायची तसं.

"सकाळी," ती म्हणाली. "सकाळी... बाजार... बाजारात—"

पुढचा शब्द 'गर्दी' होता. मला तो बाजूनं दिसत होता. तिच्या ओठांवर आकार होत होता आणि मोडत होता. माझे ओठ नकळत हलायला लागले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी तोंडावर हात धरला. तिच्या मानेवरची शीर ताठ झाली होती. गर्दी, गर्दी, गर्दी. मी अडतीस वर्षं तिच्या मागोमाग चाललो होतो, आता एकच शब्द पुढे जाऊन तिला हात द्यायचा होता, आणि तेवढंच करायचं नव्हतं.

"खिडकी," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

"असू द्या, काकू," डॉक्टर हळूच म्हणाले. "पुरे."

तेव्हा तिनं डोळे उघडले. कागद बाजूला सारला. टेबलावर माझा तक्ता पडला होता, तो डाव्या हातानं स्वतःकडे ओढला. मग वाकून माझ्या खिशातली पेन्सिल काढून घेतली. पेन्सिल मुठीत धरून, मुलं खडू धरतात तशी, तिनं पहिल्या आठवड्याच्या शेऱ्यावर आणली. तिथे मी खोडलेलं होतं, 'सुधारणा आहे'. त्या खोडलेल्या शब्दांखाली तिनं एक टिंब दिलं. मग दुसरं. मग तिसरं. एकेक टिंब देताना सगळा खांदा हलत होता. पहिली ओळ झाल्यावर हात उचलून तिनं दुसऱ्या आठवड्याच्या शेऱ्यावर नेला.

"कागद फाटेल, काकू," डॉक्टर म्हणाले. "दमल्यात त्या. घ्या त्यांच्या हातातून पेन्सिल."

"नाही!" मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "ती लिहितेय. ती टिंबं... आमच्यात असं असतं, खोडलेल्या शब्दाखाली टिंबं दिली की शब्द तसाच ठेवायचा. रेघ चुकली म्हणून. मी चुकीचं खोडलं, असं ती म्हणतेय. तिला सगळं समजतंय, डॉक्टर. तिनं माझा तक्ता वाचलाय."

डॉक्टर पुढे झुकले. टिंबांकडे त्यांनी खरोखर नीट बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, हे मी आजही सांगू शकतो.

"म्हणजे ह्या मुद्दाम करतायत असं तुमचं म्हणणं. नुसता हात थरथरत नाहीये."

"हो."

"खात्री आहे तुमची? तसं असेल तर मी आजच समितीकडे फेरविचाराला पाठवतो. तुमच्या सहीनं."

एवढंच तर हवं होतं. 'आहे.' दोन अक्षरं. मी तोंड उघडलं आणि नजर कागदाकडे गेली. पहिल्या ओळीतली टिंबं शब्दाखाली होती. दुसऱ्या ओळीतली दोन टिंबं शब्द संपल्यावरही पुढे गेली होती, कोऱ्या जागेत. तिसरं तर पार समासात. तिनं कधी समासात टिंब दिलं नव्हतं. मग ही टिंबं खरंच ती होती, की मला हवी होती म्हणून दिसत होती?

"वाटतं तसं," मी म्हटलं.

बायकोचा हात थांबला.

"वाटतं म्हणजे..." डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. दार कुणीतरी वाजवलं. त्यांनी तक्ता तिच्या हाताखालून अलगद काढून फाइलमध्ये ठेवला. "सहा महिन्यांनी अर्ज करा, काका. मी स्वतः लक्ष घालीन."

मी तिला उठवलं. व्हरांड्यात आल्यावर तिनं माझा हात सोडला आणि भिंतीला धरून उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. 'मूळ प्रत माझ्या हातात आहे, तुमच्या नाही,' असं ती पूर्वी म्हणायची, भांडण फार वाढलं की. तिची मूळ प्रत अजूनही तिच्याजवळच होती. तिनं ती मला वाचून दाखवली, आणि मी तिथेही रेघ मारली.

मी वळलो आणि धावलो. ह्या वयात त्याला धावणं म्हणतात की नाही, माहीत नाही. दार ढकललं. ते बटणवाले गृहस्थ आणि त्यांची मुलगी आत डॉक्टरांपुढे बसले होते.

"खात्री आहे!" मी ओरडलो. "माझी खात्री आहे! लिहून घ्या!"

डॉक्टर उठून आले, माझ्या पाठीवर हात ठेवून मला बाहेर घेऊन आले. "काका," ते म्हणाले, "मघाशी विचारलं तेव्हा तुम्ही खरं बोललात. आता तुम्ही घाबरून बोलताय. ह्याच्यावर मी सही कशी घेऊ?"

त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं, आणि वर पट्टी धरून रेघ मारली असती.

ते आत गेले. दार लागायच्या आधी बटणवाल्या गृहस्थांनी बाहेर डोकावून, कुणाला तरी विचारायलाच हवं म्हणून, मला विचारलं, "ह्या तक्त्यात काय लिहायचं असतं हो?"

"जे पहिल्यांदा लिहाल ते," मी म्हटलं. "खोडू नका."

सोमवारी सकाळी दहाला, हॉल उघडायच्या वेळी, मी जेवणाच्या टेबलाशी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. तीन दिवस ती माझ्याकडे बघतही नव्हती. वाक्यांचा कागद मी आणला नाही. एक कोरं कार्ड कापून तिच्यापुढे ठेवलं आणि पेन्सिल तिच्या डाव्या हाताशी. म्हटलं, "अगं, त्या कार्डावर मी माझंच लिहिलं होतं. आता तुझं लिही."

तिनं पेन्सिल मुठीत घेतली. एक ओळ लिहायला तिला पाऊण तास लागला. मध्ये दोनदा पेन्सिल पडली, दोन्ही वेळा मी उचलली आणि काही बोललो नाही. ओळ संपल्यावर तिनं कार्ड माझ्याकडे फिरवलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी ते उलटसुलट करून बघितलं. खिडकीपाशी नेलं, भिंग लावलं. एक अक्षर 'व' असेल, किंवा 'ब'. पुढे काही गाठी, एक लांब रेघ, आणि शेवटी एक टिंब, तेही पूर्णविरामाचं, की पेन्सिल टेकली होती त्याचं, सांगता येत नाही. तिला काय हवं आहे ते त्यात लिहिलेलं आहे. मला ते वाचता आलं नाही.

टाचणी घेऊन मी ते कार्ड टेबलासमोरच्या भिंतीवर लावलं. दुरुस्त केलं नाही. आम्ही रोज दहाला त्याच्याखाली बसतो. झटक्याला वर्ष पुरं व्हायला पाच महिने आणि बावीस दिवस आहेत.